डेलोरियन मॉडेलचा स्टील रंग पुन्हा पुन्हा का बिघडतो, आणि तो कायमचा कसा बसवायचा

‘बॅक टू द फ्युचर’ सिनेमांमधल्या, काळात प्रवास करणाऱ्या डेलोरियन गाडीचं मॉडेल करणाऱ्यांची एक तक्रार हमखास ऐकू येते. रंग दिला त्या दिवशी बॉडी अगदी स्टीलची वाटते. मग वर क्लिअर, म्हणजे पारदर्शक संरक्षक थर, मारला की ती राखाडी पडते, नाहीतर टेप काढताना पापुद्रा निघून येतो, नाहीतर बॉनेटच्या कडांवर खालचा काळा रंग डोकावू लागतो. वैतागून माणूस चंदेरीचा आणखी एक हात देतो. थोडे दिवस बरं दिसतं आणि पुन्हा तेच सुरू होतं.

दुखणं परत परत येतं ते या वरून दिलेल्या हातामुळेच. धातूसारख्या दिसणाऱ्या रंगात बिघाड झाला की दोष बहुतेक वेळा त्याच्या खालच्या थरात असतो किंवा वर चढवलेल्या थरात. चंदेरीवर चंदेरी मारून तो फक्त झाकला जातो. शिवाय थर जाड होतो, दारांच्या फटी बुजतात आणि बारीक रेषा भरून जातात. १:२४ मापात, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाएवढ्या मॉडेलवर, ०.१ मिलिमीटर जाडीचा रंग म्हणजे खऱ्या गाडीवर अडीच मिलिमीटरच्या आसपासचा लेप झाला. म्हणून डबा पुन्हा हातात घेण्याआधी दोष कुठला आहे ते ओळखायला हवं.

आधी खऱ्या गाडीविषयी थोडं. डेलोरियन डीएमसी-१२ ही गाडी उत्तर आयर्लंडमधल्या डनमरी इथल्या कारखान्यात तयार झाली. आराखडा इटालियन डिझायनर जोर्जेटो जुजारो यांचा. बाहेरचे पत्रे ३०४ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे, त्यांवर रंग नाही, फक्त घासून आणलेला एकाच दिशेचा बारीक पोत. हा पत्रा आरशासारखा चमकत नाही. त्यावर उजेड पसरतो, पण पाहण्याचा कोन बदलला की तोच पत्रा एकदम गडद किंवा एकदम पांढुरका दिसतो. मॉडेलवर आपल्याला हाच बदल हवा असतो. क्रोमची चकाकी आणली तर गाडी खेळण्यातली वाटते आणि साधा चंदेरी रंग मारला तर तो चंदेरी रंगच दिसतो.

दिवा एका बाजूला, अगदी खाली ठेवा आणि बॉडी हळूहळू फिरवून बघा. बहुतेक दोष या तिरप्या उजेडातच उघडे पडतात. वरून पडणाऱ्या उजेडात सगळंच छान दिसतं.

पहिल्यापासूनच राखाडी, जीव नसलेला रंग

क्लिअर मारण्याआधीच रंग मेलेला दिसत असेल तर दोन शक्यता आहेत. एक म्हणजे खालचा पृष्ठभाग खरखरीत आहे. धातूच्या रंगात ॲल्युमिनियमचे अतिशय पातळ, चपटे कण असतात. ते कौलांसारखे एकमेकांवर आडवे बसले तर उजेड एका दिशेने परततो आणि डोळ्याला धातू दिसतो. खाली प्रायमरची, म्हणजे रंग धरून ठेवणाऱ्या तळाच्या थराची, रवाळ खर असेल तर प्रत्येक कण वेगळ्या कोनात बसतो, उजेड विखुरतो आणि उरतो तो राखाडी रंग. वर कितीही हात द्या, कण खालच्या खडबडीचाच आकार घेणार.

दुसरी शक्यता कणांच्या आकाराची. खऱ्या गाड्यांच्या टचअपसाठी मिळणाऱ्या चंदेरी स्प्रेचे कण मॉडेलसाठी मोठे असतात. २० मायक्रॉनचा एक कण १:२४ मापात जवळपास अर्ध्या मिलिमीटरचा होतो, म्हणजे बॉडीवर चमकी शिंपडल्यासारखं दिसतं. मॉडेलसाठी खास बारीक दळलेले धातुरंग मिळतात. ॲलक्लॅडचा स्टेनलेस स्टील, मिस्टर कलरची सुपर मेटॅलिक मालिका हे त्यातले ओळखीचे. एअरब्रश (दाबाच्या हवेने रंग फवारणारं पेन) नसेल तर तामियाच्या कॅनमधला बेअर मेटल सिल्व्हर, एएस-१२, चांगलं काम देतो. त्याचे कण ॲलक्लॅडइतके बारीक नाहीत, पण डेलोरियनच्या पत्र्याला थोडा मंदपणा शोभतो, त्यामुळे खटकत नाही.

पृष्ठभागाची तयारी हा या कामाचा खरा गाभा आहे आणि इथेच सगळ्यांची घाई होते. किटचे भाग कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाने धुवा, कारण साच्यातून सुटण्यासाठी वापरलेलं तेल प्लॅस्टिकवर राहिलेलं असू शकतं. साच्याच्या जोडरेषा घासून काढा. प्रायमरचे पातळ हात द्या आणि सुकल्यावर २००० नंबरच्या ओल्या पॉलिश पेपरने हलकेच घासा. मग चकचकीत काळा रंग द्या. चकचकीत म्हणजे खिडकीच्या चौकटीचं प्रतिबिंब त्यात सरळ रेषेत दिसलं पाहिजे. ते नागमोडी किंवा दाणेदार दिसलं तर तिथेच थांबा, ३००० पर्यंतच्या कागदाने घासा, पॉलिश करा आणि मगच पुढे जा. या काळ्यावर जो डाग दिसेल तोच डाग चंदेरीतून दुप्पट उठून दिसणार आहे.

काळाच का? धातूचा थर इतका पातळ असतो की कणांच्या फटींतून खालचा रंग डोकावतो. खाली काळा असला की तो उजेड शोषून घेतो आणि कणांवरून येणारा उजेड ठसठशीत होतो. पॉलिश प्रकारच्या धातुरंगांना चकचकीत काळा तळ लागतो. स्टील फार आरशासारखं वाटू लागलं तर तळ काळ्याऐवजी चकचकीत गडद करडा घेऊन बघा. मला डेलोरियनसाठी गडद करडाच जास्त आवडतो. सावलीतला भाग त्याने फार काळवंडत नाही.

बारीक सुरकुत्या किंवा कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा

हा दोष न वाळलेल्या काळ्याचा. हाताला कोरडा लागणारा रंग आतून वाळलेला असतोच असं नाही. वरच्या धातुरंगातलं लॅकरचं (तीव्र द्रावकाच्या, झटपट सुकणाऱ्या रंगाचं) द्रावक आत शिरतं, खालचा मऊ थर फुगतो आणि आक्रसताना सुरकुततो. लॅकर काळा असेल तर एक पूर्ण दिवस थांबा. चकचकीत इनॅमल (सावकाश सुकणारा तेलकट रंग) असेल तर बरेच दिवस थांबावं लागतं, दमट हवेत त्याहून जास्त. कसोटी सोपी आहे: भाग नाकाजवळ धरा. रंगाचा वास येतोय तोवर तो वाळलेला नाही.

सुरकुत्या पडल्या की दुरुस्ती नसते. रंग पूर्ण उतरवावा लागतो.

याच्याच जवळचा दोष म्हणजे पांढुरकी साय. ती भेगेसारखी नसते, धुक्यासारखी पसरलेली असते. दमट हवेत लॅकरचं द्रावक झपाट्याने उडतं, पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतली वाफ त्यावर बसते. हवा कोरडी होईपर्यंत काम थांबवावं, याहून चांगला उपाय नाही. काळ्या थरावर साय आली असेल तर ती घासून-पॉलिश करून निघते. धातूच्या थरावर आली तर बहुतेक वेळा निघत नाही.

क्लिअर मारला आणि स्टील गेलं

सगळ्यात जास्त मॉडेलं इथे बिघडतात. स्टील सुंदर उतरलेलं असतं आणि मग कुणीतरी सांगतं की रंग टिकायला वर क्लिअर हवाच. क्लिअरमधलं द्रावक वरचे कण सैल करतं, आडवे बसलेले कण उठतात, सरकतात आणि त्याक्षणी धातूचा चंदेरी रंग होतो. मॅट क्लिअरने तर हमखास घात होतो, कारण मॅट होण्यासाठी त्यात उजेड विखुरणारी पूड घातलेली असते.

माझं मत स्पष्ट आहे: धातुरंग जर चांगला बांधला जाणारा असेल, म्हणजे पूर्ण वाळल्यावर बोटाने हलकं घासून बोटावर काही येत नसेल, तर डेलोरियनच्या बॉडीवर क्लिअर मारू नका. या मॉडेलवर बॉडीवर मोठे डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चित्रं) लावायचे नसतात, त्यामुळे क्लिअरची गरजही फारशी नसते. बोटावर राखाडी येत असेल तर मात्र संरक्षण हवं. तेव्हा पाण्यावर आधारलेला ॲक्रिलिक ग्लॉस क्लिअर घ्या, पहिले दोन हात अगदी धुक्यासारखे उडवा, मधे वाळू द्या आणि मगच थोडा ओला हात द्या. पहिलाच हात ओला मारला तर कण पोहू लागतात.

हे सगळं थेट बॉडीवर करून बघायचं नाही. प्लॅस्टिकचा चमचा घ्या, त्याच्या पाठीवर प्रायमर, काळा, स्टील असा अख्खा क्रम चढवा. वाळल्यावर चमच्याच्या मधोमध मास्किंग टेपची पट्टी लावा आणि अर्ध्या भागावर क्लिअर मारा. टेप ओढली की एकाच चमच्यावर तीन उत्तरं मिळतात: टेपला रंग येतो का, क्लिअरने फरक किती पडतो, आणि दांड्याला बोटाने घासलं तर काय होतं. चमच्याची पाठ गोल असल्यामुळे उजेड फिरताना स्टील कसं बदलतं तेही दिसतं. सपाट पट्टीवर ते कळत नाही. रंगाचा डबा बदलला, थिनर बदललं, की नवा चमचा.

कडांवर काळं दिसतंय

बॉनेटच्या कडा, चाकांवरच्या कमानी, दारांचे कोपरे. ओला रंग धारदार कडेवरून मागे ओढला जातो, म्हणून तिथला थर मुळातच पातळ असतो, आणि हाताळताना घासतं तेही तिथेच. यावर उपाय म्हणजे फवारणी कडांपासून सुरू करणं. आधी कडांवर एक हलकी फेरी, मग सपाट भाग. एअरब्रशने १२ ते १५ पीएसआय दाबावर, पाच-सात सेंटिमीटरवरून, पातळ हात. एका हातात काळा झाकायचा प्रयत्न केला तर सपाटीवर ओघळ येतात आणि कडा तशाच राहतात. लॅकरचा फवारा श्वासात जाऊ नये म्हणून द्रावकाच्या वाफा अडवणारा मास्क आणि हवा बाहेर फेकणारा पंखा हवाच. साधा धुळीचा मास्क इथे उपयोगाचा नाही.

हाताळणीसाठी बॉडीच्या आतून बाटली किंवा लाकडी ठोकळा दुहेरी टेपने चिकटवा आणि शेवटपर्यंत तिथेच धरा. नायट्राइलचे हातमोजे घाला. खऱ्या डेलोरियनच्या पत्र्यावरही बोटांचे ठसे ठळक उठतात, पण तिथे ते पुसता येतात. मॉडेलवर ठशातलं तेल आणि क्षार धातूच्या कणांत बसतात आणि तो डाग काही दिवसांनी गडद होतो.

एखाद्या कडेवर काळं आलंच तर तेवढ्याच जागी ब्रशने रंग लावू नका. ठिगळ दिसतं, कारण ब्रशने कण वेगळ्या दिशेने बसतात. तो अख्खा पत्रा, म्हणजे एका फटीपासून दुसऱ्या फटीपर्यंतचा भाग, झाकून एकसारखा फवारा. डोळा फटीपाशी थांबतो, त्यामुळे छटेतला किंचित फरक पचतो.

टेपबरोबर निघणारा रंग

दारांखालून जाणारी काळी पट्टी, खिडक्यांची रबरं, मागच्या काचेवरच्या आडव्या झडपा, असं काळं काम डेलोरियनवर भरपूर आहे. टेप रंग ओढते तेव्हा चूक टेपची असतेच असं नाही. प्रायमर आणि प्लॅस्टिकमध्ये तेल राहिलं असेल तर सगळे थर एकत्र निघतात. टेपला चिकटलेला तुकडा उलटा करून बघा. मागे प्रायमर दिसला तर धुण्यात कमी पडलं. मागे चंदेरीच दिसली तर धातूचा थर पुरता वाळला नव्हता किंवा टेप फार कडक होती.

शक्य तिथे टेप टाळा. वेगळे येणारे भाग वेगळेच रंगवा. बॉडीवर कोरलेली काळी पट्टी पाण्यावर आधारलेल्या ॲक्रिलिक काळ्याने ब्रशने भरा. रंग बाहेर गेला तर ओल्या कापसाच्या काडीने लगेच पुसता येतो, खालच्या लॅकरला धक्का लागत नाही. टेप लावावीच लागली तर आधी ती मनगटावर चिकटवून तिचा चिकटा कमी करा, आणि काढताना स्वतःवरच दुमडून, जवळजवळ पृष्ठभागाला समांतर, हळू ओढा.

टाइम मशीनचे सुटे भाग चिकटवल्यावर

साधी डीएमसी-१२ करणाऱ्याचं काम इथे संपलेलं असतं. सिनेमातली गाडी करणाऱ्याचं खरं काम इथून सुरू होतं. बाजूंनी जाणाऱ्या नळ्या आणि तारा, मागचे मोठे धुराडे, टाइम मशीनला वीज पुरवणारा रिॲक्टर किंवा त्याच्या जागी आलेला, कचऱ्यावर चालणारा मिस्टर फ्युजन, हे सगळं तयार स्टीलवर बसवायचं असतं. प्लॅस्टिक वितळवून जोडणारा गोंद धातूच्या रंगावर पडला तर रंग तिथेच विरघळतो. सुपर ग्लूची वाफ आजूबाजूला पांढरी साय सोडते आणि काचांवर तर ती फारच दिसते.

म्हणून हे भाग रंगाच्या आधीच कोरडे बसवून बघा आणि जिथे भाग टेकणार तिथे ०.५ मिलिमीटरचं भोक पाडून ठेवा. भागाच्या मागे तेवढीच तार रोवा. रंगकाम झालं की तार भोकात जाते आणि आतल्या बाजूने इपॉक्सीचा एक थेंब पुरतो. बाहेर गोंद येतच नाही. भोक पाडायला जागा नसेल तिथे टेकण्याची जागा सुरीच्या टोकाने खरवडून उघडं प्लॅस्टिक काढा. रंगावर चिकटवलेला भाग शेवटी रंगासकट निघतो. काचांना पांढरा गोंद वापरा, तो सुकल्यावर पारदर्शक होतो.

आपली गाडी तीनपैकी कोणत्या सिनेमातली हे आधी ठरवा. पहिल्या सिनेमाच्या बहुतांश भागात मागे रिॲक्टर आहे आणि मिस्टर फ्युजन शेवटी येतो. तिसऱ्यात बॉनेटवर १९५५ च्या व्हॅक्यूम ट्यूबांची पेटी आणि पांढऱ्या कडेचे टायर आहेत. आओशिमा या जपानी किट कंपनीने तिन्ही सिनेमांच्या गाड्यांचे १:२४ मधले वेगवेगळे किट काढले आहेत, त्यामुळे किट निवडतानाच निम्मा गोंधळ टळतो. संदर्भासाठी लॉस एंजलिसच्या पीटरसन ऑटोमोटिव्ह म्युझियममध्ये ठेवलेल्या, पुनरुज्जीवित केलेल्या चित्रीकरणाच्या गाडीचे फोटो मोलाचे आहेत. नळ्यांचा मार्ग त्यात नीट उलगडतो, आणि पत्र्याचा पोत कुठल्या भागावर कुठल्या दिशेने जातो तेही त्यात एकेका भागासाठी तपासता येतं.

तो पोत आणायचा मोह सगळ्यांना होतो. १:२४ मध्ये दिसणारा प्रत्येक ओरखडा खऱ्या गाडीवर खोल चर ठरेल, म्हणून जपून. धातूचा थर पूर्ण वाळल्यावर अगदी बारीक, ६००० च्या वरच्या पॉलिश कापडाने, पट्टीच्या कडेला धरून एकाच दिशेने, वजन न देता दोन-तीन वेळा फिरवा. दिसला-न दिसला इतकाच हवा. १:८ च्या मोठ्या मॉडेलवर मात्र हा पोत नसेल तर गाडी अपुरी वाटते.

रंग ठीक, तरी गाडी खोटी वाटते

पुढचा-मागचा बंपर बघा. खऱ्या गाडीत तो स्टीलचा नाही, पॉलियुरेथेनचा आहे आणि त्याला रंग दिलेला आहे. किटमध्ये बॉडी आणि बंपर एकाच रंगात फवारले की डोळ्याला काहीतरी चुकतंय असं वाटतं, पण कारण सापडत नाही. बंपरना साधा चंदेरी थोड्या करड्यात मिसळून, अर्धवट मॅट करून द्या. शेजारचा पत्रा लगेच जास्त स्टीलसारखा दिसू लागतो.

दिवे लावल्यावर बॉडी आतून उजळते

एलईडी बसवून अंधारात पेटवल्यावर बॉडीतून फिका लालसर-पांढरा उजेड झिरपतो, विशेषतः छतातून आणि चाकांच्या कमानींतून. किटचं प्लॅस्टिक पातळ असतं आणि उजेडाला पूर्ण अडवत नाही. बॉडीच्या आतून मॅट काळ्याचे दोन हात द्या, त्यावर आतला खरा रंग द्या. हे बाहेरचा काळा देण्याआधीच करा, कारण नंतर आत फवारताना खिडक्यांतून फवारा बाहेर येतो आणि स्टीलवर बसतो. सांध्यांतून येणारा उजेड ॲल्युमिनियमच्या चिकटपट्टीने बंद होतो. फक्त ती पट्टी उघड्या तारांना टेकू देऊ नका.

पांढरा एलईडी साधारण ३ व्होल्ट घेतो. १२ व्होल्टच्या पुरवठ्यावर १० मिलिअँपिअरसाठी ९०० ओहम येतात, म्हणजे बाजारात मिळणारा १ किलोओहमचा रेझिस्टर लावा. फ्लक्स कपॅसिटर, म्हणजे सिनेमात कालप्रवास घडवणारं गाडीतलं यंत्र, लहान आहे, त्याला एवढा उजेडही जास्त होतो. तिथे ४.७ किलोओहमपर्यंत वाढवून बघा.

रंग उतरवायचा असेल तर

ॲक्रिलिक थर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून मऊ होतात आणि जुन्या दातांच्या ब्रशने निघतात. लॅकरला जास्त वेळ आणि ९९ टक्क्यांचं अल्कोहोल लागतं, कधी एकाहून अधिक वेळा भिजवावं लागतं. ॲसिटोन आणि लॅकर थिनर लावू नका, किटचं प्लॅस्टिक (पॉलिस्टायरिन) वितळतं. काचा आणि चिकटवलेले भाग आधी काढून घ्या. किटमधल्या क्रोमच्या भागांचा मुलामा घरातल्या ब्लीचमध्ये उतरतो. त्या भांड्यात दुसरं कोणतंही क्लीनर मिसळायचं नाही, विषारी वायू होतो. मुलाम्याखाली बहुतेक वेळा पिवळसर वार्निश असतं. ते राहिलं तर नवा रंग त्यावर नीट बसत नाही, म्हणून तेही अल्कोहोलने काढा, भाग धुवा, एक दिवस वाळू द्या आणि प्रायमरपासून सुरुवात करा.